दुसरा निरोप

माझ्या भावाच्या डोक्याला कावळा शिवला तेव्हा मी तिथंच होते, आणि सगळ्यांत आधी हसले ती मीच. दादा हवाई दलातून सुट्टीवर आला होता. बुऱ्हाणपूरच्या लालबागेत स्टेशनामागं आमचं घर होतं. त्याच्या गच्चीवर, कठड्याला आरसा टेकवून आणि गालाला साबण फासून तो दाढी करत होता. कुठून तरी कावळा आला, त्याच्या डोक्यावर पाय टेकून उडाला आणि समोरच्या लिंबावर जाऊन बसला. विमान चालवणाऱ्या माणसाला पाखरानं असं गाठावं, याचीच मला मजा वाटली. "दादा, तुझ्यापेक्षा तो बरा उतरतो," मी म्हटलं. दादाही हसला. मागं वळून बघितलं तर हातात सूप घेऊन आई जिन्यात उभी होती, आणि ती हसत नव्हती.

आमच्याकडं समज असा, की डोक्याला कावळा शिवला म्हणजे त्या माणसाचं मरण जवळ आलं. त्यावर तोडगाही आहे. तो मला लहानपणापासून फार मजेदार वाटत आला आहे. जवळच्या नातलगांकडं, शक्यतो मामाकडं, तो माणूस गेल्याची खोटी बातमी धाडायची. ते लोक खरं समजून रडतात. रडून झालं की दुसरा निरोप जातो, की रडू नका, कावळा शिवला होता. मग तेच लोक तोंड धुऊन गूळ खातात आणि बातमी आणणाऱ्याला शिव्या घालतात. मृत्यूला वाटतं, इथलं काम उरकलेलं दिसतंय, आणि तो पुढच्या घरी जातो.

मला चौकशीची खोड पहिल्यापासून. मी आईला विचारलं होतं, "मृत्यू इतका बावळट कसा गं? लोकांच्या रडण्यावर विश्वास ठेवतो, पण स्वतः येऊन बघत नाही?"

"तुझ्यासारखा रिकामटेकडा नसतो तो," आई म्हणाली.

दादानं मात्र त्या दिवशी साफ सांगितलं, "माझ्या मरणाची बातमी कुठं धाडायची नाही. तळावर कळलं तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही." बाबा शाळामास्तर. ते वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, "कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही." दोन शिकलेले पुरुष एका बाजूला, आणि आई एकटी. वहिनी नवी होती, तिनं मान खाली घातली. मी कुणाच्या बाजूला होते ते सांगणं कठीण आहे. मला खरं म्हणजे बातमी गेल्यावर तिकडं काय होतं ते बघायचं होतं. बातमी काही गेली नाही. सुट्टी संपवून दादा गेला.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. संस्थानं एकामागून एक सामील होत होती, आणि बाबा शाळेतला जुना नकाशा घरी आणून त्यावर पेन्सिलीनं रेघा मारत बसत. दक्षिणेला निजामाचं राज्य तेवढं अडून बसलेलं. आमच्याकडची जुनी माणसं त्या मुलखाला मोगलाई म्हणत. आईचं माहेर खानदेशात, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याला. मोगलाईची हद्द तिथून कोस-दोन कोस. मध्ये एक नाला, पलीकडं दुसरं राज्य. लहानपणी आम्ही उन्हाळ्यात मामाकडं गेलो की त्या डोंगरातल्या खिंडीत करवंदं खायला जायचो. एका राज्यातली करवंदं दुसऱ्या राज्यातल्यापेक्षा गोड लागतात का, हे मी नीट खाऊन तपासलं होतं. फरक नव्हता.

पावसाळ्याच्या शेवटाला निजामावर फौजा निघाल्याची बातमी आली. लालबाग स्टेशनातून लष्करी गाड्या जाऊ लागल्या. दादाचं विमान कुठं आहे ते आम्हाला ठाऊक नव्हतं. पण बाबा नकाशावर ज्या बाजूला रेघ मारत, तिकडं तो असेल असं मी धरून चालले होते.

मग तार आली. ती बाबांनी दारातच वाचली आणि चष्मा काढून पुसला. विमान परत आलेलं नाही, शोध चालू आहे, एवढाच मजकूर होता. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आली आणि तिथंच खाली बसली. आई पुढं आली आणि बाबांना म्हणाली, "मेला असं लिहिलंय का त्यात?"

"नाही. पण त्याचा अर्थ..."

"अर्थ नका सांगू. लिहिलंय का तेवढं सांगा."

"नाही लिहिलेलं."

"मग कावळ्याचंच राहून गेलंय," आई म्हणाली, आणि चपला घालून बाहेर पडली.

ती परत आली ती लुगडेवाल्या काकांना घेऊन. हे काका आमच्या गल्लीच्या टोकाला राहत. बुऱ्हाणपूरच्या मागावरची लुगडी गठ्ठ्यात बांधून ते खानदेशातल्या बाजारांना जात. आईच्या माहेरचा आठवडी बाजार त्यांच्या ठरलेल्या फेरीतला होता. माहेरचे निरोप, पापड, बाळंतविडे, सगळं त्यांच्याच गठ्ठ्यावरून यायचं-जायचं. आईनं त्यांना ओसरीवर बसवलं आणि म्हणाली, "उद्या बाजाराला जाल तेव्हा माझ्या भावाकडं जाऊन सांगा, भाचा गेला."

काकांचा चेहरा पडला. "काय बोलून राहिल्या, माय?"

"कावळा शिवला होता त्याला."

"हां, हां! अशी बात." काकांचा जीव भांड्यात पडला. "मंग मी तिथंच मुक्काम करतो, अन् सकाळी सांगून देतो का कावळ्याचं होतं. बरोबर?"

"नाही," आई म्हणाली. "दुसरा निरोप मी देईन तेव्हाच न्यायचा. आत्ता एवढंच सांगायचं."

काकांना हे चमत्कारिक वाटलं असावं, पण बाईमाणसापुढं वाद घालायची त्यांची रीत नव्हती. ते गेले. बाबा इतका वेळ आत उभे होते. ते बाहेर आले आणि आयुष्यात पहिल्यांदाच आईवर ओरडले. "तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय का? कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढंच झालंय! आणि खोटी बातमी खोटी असावी लागते. ही खोटी आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"खोटी आहे म्हणूनच धाडली," आई म्हणाली. "खरी असती तर धाडली असती का मी काकांच्या हाती? तुम्ही नसतात का गेलात?"

भूमिती शिकवणारे बाबा ते वाक्य पुटपुटत आत गेले. मीही त्या वाक्यावर पुष्कळ विचार केला. त्यात कुठं तरी भोक होतं, पण बोट ठेवता येत नव्हतं.

पुढचे दिवस कसे गेले ते मला सलग आठवत नाही. तार आल्याचं लालबागेत व्हायचं तेवढं षट्कर्णी झालं. बायका येऊन बसू लागल्या. आई त्यांना चहा द्यायची आणि त्यांच्या सुनांची चौकशी करायची. रडायला आलेली बाई सुनेच्या कागाळ्या सांगून घरी जायची. कुणी म्हणालं, इच्छादेवीला नवस बोला. आई म्हणाली, "नवस बोलले तर देवीला वाटेल, मलाच शंका आहे." आणि एका सकाळी तिनं कासारणीला हाक मारून, ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत वहिनीच्या दोन्ही हातांत नव्या हिरव्या बांगड्या भरायला लावल्या. कासारीण बिचारी चळाचळा कापत होती. वहिनीचा हात तिनं इतका दाबला, की पहिली बांगडी पिचली. आईनं तुकडे स्वतः उचलले आणि म्हणाली, "दुसरी भरा. बांगडीच ती, पिचते कधी कधी."

वहिनीचे वडील इच्छापूरकडचे केळीवाले. तापी उतरायची वाट बघून ते आले, ओसरीच्या कडेला टेकले आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "विहीणबाई, पोरीले घेऊन जातो म्हणतो. दोन दिवस केळीत राहील, मन रमेल तिचं."

सगळ्यांना त्याचा अर्थ कळला. पोरीवर जे व्हायचं ते निदान आपल्या दारात व्हावं, परक्यांच्या नजरेखाली नको, एवढंच त्या बापाला हवं होतं. आई म्हणाली, "तिचा नवरा आला म्हणजे तोच आणून पोचवेल की तुमच्याकडं." त्यांनी मुलीकडं बघितलं. वहिनीनं आईकडं बघितलं आणि मानेनं नाही म्हटलं. ते न जेवता गेले.

त्या दुपारी कपडे वाळत घालताना वहिनी मला हळूच म्हणाली, "वन्सं, तुम्ही सगळं विचारता. आईंना एक विचाराल का? त्यांना कसं कळलं ते विचारा. स्वप्न पडलं, देवी बोलली, काय ते. मला फक्त ऐकायचंय. त्यांना खात्री आहे म्हणून मी इथं उभी आहे."

मी विचारलं. आई डाळ निवडत होती. ती म्हणाली, "तिला सांग, आईला कळतं." मी म्हटलं, "पण कसं कळतं?" तिनं सुपातला एक खडा उचलून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "हा टाकून ये." मी वहिनीला जाऊन एवढंच सांगितलं, की आईला कळतं. तेवढ्यावर ती त्या रात्री जेवली.

लुगडेवाले काका बाजार करून परत आले, तोवर त्यांच्याही कानावर तारेचं गेलं होतं. ते आमच्या दारात आले तेव्हा पायातलं काढायचंही त्यांना सुचलं नाही. निरोप त्यांनी मामांच्या अंगणात उभं राहून दिला होता. मामीनं जो टाहो फोडला तो अर्ध्या गावानं ऐकला. मामा पाटील होते. हद्दीवर धामधूम, रात्रंदिवस पहारे, गाव सोडून त्यांना इकडं येता येत नव्हतं. ते म्हणे कडुलिंबाखाली पाठ करून उभे राहिले. हे सांगून झाल्यावर काका आईला म्हणाले, "माय, मले एवढंच सांगा. मी खोटी बातमी देऊन आलो का खरी?"

"खोटी," आई म्हणाली.

"मंग दुसरा निरोप द्या ना! मामीचं रडणं बघवत नाही. ह्या हप्त्यात हद्दीवरचे बाजार बंद आहेत, तरी मी जाईन. निरोपासाठी जाईन."

आई पदराच्या टोकाला गाठ मारत राहिली, मग म्हणाली, "पुढच्या खेपेला."

तेव्हा त्या वाक्यातलं भोक मला दिसलं. पहिला निरोप पाठवायला नुसतं धैर्य लागतं. दुसरा पाठवायला दादा जिवंत असावा लागतो. मी आईच्या तोंडाकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मला एकदम फार भीती वाटली आणि मी विहिरीवर जाऊन पाणी काढत बसले, घागरी भरलेल्या होत्या तरी.

मोगलाई पडली. निजाम शरण आला म्हणून स्टेशनावर पेढे वाटले. बाबांनी नकाशा गुंडाळून शाळेत परत नेला. दादाची काही खबर नव्हती. बाजार पुन्हा सुरू झाले. काका गठ्ठा घेऊन निघाले तेव्हा आमच्या दारापाशी थोडे रेंगाळले. आई आतून बाहेर आली नाही. ते तसेच गाडीला गेले.

आणि मग ते परत आले ते फणफणतच. ओसरीवर गठ्ठा आपटून म्हणाले, "ही काय रीत झाली, माय? इतकी वर्षं तुमचे निरोप नेतो मी. दुसरा निरोप दुसऱ्याच्या हाती धाडला, अन् मले सांगितलंही नाही? दादाची खबर आली, घरोघर आनंद, अन् आम्हीच परके?"

आई दारात आली होती. "काय म्हणताय, काका?"

"आता काय म्हणताय! मामा भेटले ना बाजारात. बैल घेऊन चालले होते गर्दीतून. मी काही बोलायच्या आत तेच हसून म्हणे, अक्काले सांगा, कावळ्याचं समजलं आमाले. तुह्या भावजयीनं रडून घसा बसवून घेतला, त्याबद्दल एक लुगडं धाडून दे म्हणा, चांगल्या काठाचं. अन् गेले निघून. मी तसाच उभा! मले वाटलं, चला, आपला गेला भाव."

"पुन्हा सांगा," आई म्हणाली.

"काय पुन्हा?"

"ते काय म्हणाले ते. पहिल्यापासून."

काकांनी पुन्हा सांगितलं. आता त्यांच्या आवाजातला राग कमी झाला होता. आईनं भिंतीचा आधार घेतला. बाबा आतून आले होते. ते सावकाश म्हणाले, "कुणी तरी अंदाजानं सांगितलं असेल. तिकडंही कावळे शिवतातच."

"दुसरा निरोप माझ्याशिवाय कुणी देऊ शकत नाही," आई म्हणाली. "आणि मी कुणाकडंच दिलेला नाही. बातमी खोटी आहे हे दादाला स्वतःला माहीत असेल, मला असेल, तिसऱ्याला कसं असेल?" मग ती थांबली. "मी तर सांगितलं नाही."

बाबा तिच्याकडं बघत राहिले. सिद्धांताची शेवटची ओळ त्यांनीच म्हणायला हवी होती, पण ते चष्मा काढून पुसत राहिले. म्हणून मीच ओरडले, "म्हणजे दादा तिथंय! मामाकडं!" वहिनीच्या हातातलं पातेलं पडलं ते अंगणापर्यंत गडगडत गेलं. काका कधी हसत होते, कधी डोळे पुसत होते. "मी आणला निरोप, मीच आणला," असं ते गल्लीभर सांगत सुटले. मिळेल त्या गाडीनं आम्ही चौघं निघालो. भुसावळला गाडी बदलली, पुढं बैलगाडी केली.

दादा मामांच्या पडवीत बाजेवर पडला होता. डाव्या पायाला बांबूच्या कांब्या बांधलेल्या, दाढी वाढलेली, अंगात मामांचा सदरा. आम्हाला बघून तो इतका दचकला, की उठता उठता ओरडलाच. "तुम्हाला कुणी सांगितलं? मामा, मी म्हटलं होतं ना आईला कळवायचं नाही म्हणून!" आई त्याच्याजवळ गेली, त्याच्या डोक्यावरून, खांद्यावरून, बांधलेल्या पायावरून हात फिरवला आणि बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली. बाबा त्याचा हात हातात धरून उभे राहिले. वहिनी दाराच्या आत उभी राहून रडत होती. सासरच्या एवढ्या माणसांत तिला पुढं येता येईना.

रडारड ओसरली आणि माझ्या प्रश्नांना तोंड फुटलं. दादा म्हणाला, "ही आली म्हणजे मी खरोखर जिवंत आहे."

खालून गोळी लागून विमानाची तेलाची नळी फुटली आणि समोरची काच काळी झाली. इंजिन आचके द्यायला लागलं. तळाकडं परत जाणं शक्य नव्हतं. बाजूच्या काचेतून त्याला डोंगराची रांग दिसली, आणि रांगेत आमची करवंदांची खिंड. "वरून कशी दिसते रे?" मी विचारलं. "दात पडल्यासारखी," तो म्हणाला. खिंड ओलांडली की मामाचं गाव, एवढं धरून त्यानं विमान तिकडं वळवलं, पण ते पोचेना. खिंडीच्या अलीकडंच त्यानं उडी टाकली.

"डोळे उघडे होते?"

"उघडायला विसरलो होतो. पॅराशूट उघडलं तेव्हा उघडले."

"आणि काय दिसलं?"

"माझा एक बूट. माझ्याआधी खाली चालला होता."

तो मोगलाईतल्या कपाशीच्या शेतात पडला. पाय बांधावरच्या दगडावर आपटून मोडला. निंदणाऱ्या बाया विळे घेऊन भोवती जमल्या. हत्यारबंद टोळ्यांच्या भीतीनं त्या मुलखात कुणी कुणावर विश्वास ठेवत नव्हतं. त्यांनी त्याला लष्कर, विमान, काही विचारलं नाही. एका म्हातारीनं विचारलं, "कोन्हाचा तू?" दादा शहाणा, त्यानं मामांचं नाव सांगितलं. नाल्यापलीकडच्या पाटलाचा भाचा. म्हातारीनं वाकून त्याचं तोंड निरखलं आणि म्हणाली, "नाक तर त्याईचंच हाय." झालं, एवढ्यावर तो त्यांचा झाला. पॅराशूट कडब्याच्या गंजीत गेलं आणि दादा घरात.

पण विमान पडताना पुष्कळांनी बघितलं होतं. टोळ्या शोधत फिरत होत्या, नाल्यावर बंदुका घेऊन माणसं बसली होती. खिंडीतल्या नाल्याशिवाय इकडं यायला वाट नाही, आणि नाल्याच्या काठीच त्यांचं मसण. त्या लोकांनी सरळ तिरडी बांधली. दादाला वर झोपवला, तोंडासकट चादर घातली, गुलाल टाकला. पटकीनं मेला म्हणून आधीच हाळी दिली, म्हणजे जवळ कुणी येणार नाही. निघाली मिरवणूक.

"मग? शिंक नाही आली? गुलाल नाकात गेला नाही?"

"आली. मागं एक बाई रडत होती, तिनं ती बरोबर झाकली. काय रडत होती म्हणून सांगू! ओळख ना पाळख, पण इतकं जीव तोडून, की पडल्या पडल्या मलाच माझं वाईट वाटायला लागलं."

बंदूकवाले नाकाला फडकी लावून लांब उभे राहिले. तिरडी मसणात न थांबता कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडं आली आणि थेट मामांच्या अंगणात उतरली. इकडं मामी भाच्याच्या नावानं रडून रडून बसलेल्या. दारात तिरडी बघून त्यांनी पुन्हा गळा काढला, तोच चादर बाजूला झाली. गुलालानं माखलेलं तोंड म्हणालं, "मामी, पाणी."

मामी हे सांगताना पुन्हा तापल्या. "पह्यले तर मी भ्याले. मंग मले समजलं, का कावळ्याचं होतं! दोन गालात ठेवून दिल्या याच्या. म्हटलं मेल्या, तुह्या कावळ्यापायी माहा घसा गेला!"

म्हणजे झालं होतं ते असं. मामींना वाटलं, बातमी कावळ्याची होती, तेव्हा बुऱ्हाणपुरात सगळे निर्धास्त आहेत. दादाला वाटलं, आईनं त्याचं न ऐकता सुट्टीनंतर केव्हा तरी बातमी धाडलीच. विमान पडल्याचं तिला ठाऊकच नाही, मग कशाला घाबरवा. मामांनी चौकीवर माणूस पाठवून लष्कराला कळवलं होतं, पण पावसानं तारा तुटलेल्या. आईला मात्र पायावर उभं राहूनच तोंड दाखवायचं, असं मामा-भाच्यांनी संगनमतानं ठरवलं होतं. एकमेकांना त्रास नको म्हणून तिघांनी तोंड मिटलं आणि आम्ही तिकडं रोज मरत होतो. मला हसू येत होतं आणि मामांना चावावंसंही वाटत होतं.

खोटी बातमी इथं पोचली त्याच दिवशी तिकडं त्याची तिरडी निघाली होती का, ते मी खोदखोदून विचारलं. मामी म्हणाल्या त्याच दिवशी, मामा म्हणाले दुसऱ्या. दादा तापात होता, त्याला वार आठवेना. बाबा एवढंच म्हणाले, की आता हे तपासायचं कशाला.

तेवढ्यात दादाला पुन्हा आठवण झाली. तो उशाला टेकला आणि हसत आईकडं वळला. "पण आई, मी नको म्हटलं होतं ना? तरी धाडलीसच बातमी. मी गाडीत बसलो त्याच दिवशी धाडलीस की थोडी वाट बघितलीस?"

"तार आली त्या दिवशी धाडली," आई म्हणाली.

"कसली तार?"

बाबांनी सांगितलं. दादाचं हसू हळूहळू गेलं. त्यानं एकदा बाबांकडं बघितलं, एकदा वहिनीच्या हातांतल्या नव्या बांगड्यांकडं. मग तो सावकाश म्हणाला, "म्हणजे माझा पत्ता नव्हता तेव्हा. मग तुला कसं कळलं, आई? मी जिवंत आहे हे तुला कसं ठाऊक होतं?"

वहिनीनं दाराची चौकट धरली होती. आईनं वर बघितलं. इतक्या वर्षांच्या बुऱ्हाणपुराच्या संसारात तिची माहेरची बोली जवळजवळ गेलेली होती. ती एकदम परत आली.

"मले कुठं मालूम होतं रे?" आई म्हणाली. "मले काहीच मालूम नव्हतं. मालूम असतं तर दुसरा निरोप नसता का धाडला?"

आणि मग ती रडू लागली. मोठ्यानं, लाज सोडून, दादाच्या चांगल्या पायाला मिठी मारून. मी तिला तसं रडताना कधी बघितलं नव्हतं, आणि त्यानंतर कधी बघितलं नाही. मला तिचा इतका राग आला आणि तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की मी काहीच विचारू शकले नाही. वहिनी दारातून बाहेर आली. आईच्याच शब्दावर तिनं ते सगळे दिवस काढले होते. ती नवऱ्याकडं गेली नाही. ती खाली बसली, आईला जवळ ओढली आणि तिचे डोळे आपल्या पदरानं पुसत राहिली.